जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी एवढं करून बघा

मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं शेड आहे. तीन लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन मारून केलेलं 'ऑफिस', त्यात एक टेबल, एक कॅलेंडर आणि २०१४ ला घेतलेला कॉम्प्युटर. गेल्या दिवाळीच्या आसपास मामांचा फोन आला, "आरं ह्यो स्क्रीनवर लिवतोय की सपोर्ट संपला म्हणून. म्हंजे काय, जळला का काय?" म्हटलं जळला नाही मामा, कंपनीनं तारीख टाकलीय. तर मामा एकदम शांत झाले आणि मग म्हणाले, "मागच्या लेथला चाळीस वर्सं झाली. पंजाबातनं, बटाल्याहनं आणलीया. तिला अजून कोण म्हटलं न्हाई तुझी तारीख संपली म्हणून."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. उद्यमनगरात कुठलंही मशीन घ्या, मूळ कंपनी बंद पडली तरी मशीन बंद पडत नाही, कारण बुश घासला तर बुश बनवणारा शेजारीच बसलाय, गिअर गेला तर गिअर कापून मिळतो. कॉम्प्युटरमध्ये लोखंड ठणठणीत असतं आणि आतलं सॉफ्टवेअर 'आता मी येत नाही' म्हणतं आणि आपण आख्खा डबा भंगारात घालतो. हे मला पटत नाही, म्हणून मामांच्या मशीनवर मी काय काय केलं ते जसं केलं तसं लिहितोय, चुकांसकट. तुमच्या घरी, दुकानात, क्लासमध्ये असा डबा पडून असेल तर उपयोग होईल.

आधी नेमकं झालं काय ते. विंडोज १० आलं २०१५ ला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट बंद केला. सपोर्ट बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद नव्हे, हे नीट समजून घ्या, कारण दुकानदार नेमका इथंच घाबरवतो. मशीन चालूच राहतं, फक्त सिक्युरिटीचे अपडेट यायचे थांबतात, म्हणजे नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोण येणार नाही. घरच्या लोकांना तेव्हा ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिली, पण ते म्हणजे बिऱ्हाडाला महिनाभर थांबू दिल्यासारखं. मग विंडोज ११ घाला ना? तर तिथं अट आहे, टीपीएम २.० नावाची चिप पाहिजे, सिक्युअर बूट (चालू होताना सिस्टिम खरी आहे का तपासणारी सोय) पाहिजे आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर पाहिजे. मामांचा आय-थ्री चौथ्या पिढीचा. विषय संपला. उरलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची फुकटची, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेली) सिस्टिम. तिचे डेबियन, मिंट असे बरेच प्रकार आहेत, मी मिंट घातलं.

टीपीएमची अट अगदीच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या (डेटा कुलूपबंद करायच्या) चाव्या वेगळ्या चिपमध्ये ठेवणं चांगलंच आहे. पण बिलं टाईप करणाऱ्या, कोटेशनची पीडीएफ पाठवणाऱ्या माणसाला त्यासाठी आख्खं मशीन बदला म्हणणं म्हणजे दाराची कडी जुनी झाली म्हणून घर पाडा म्हटल्यासारखं आहे.

असो. कामाला लागू.

पहिलं, मशीन कुठल्या लायकीचं आहे ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाऊट मध्ये गेलं की प्रोसेसर, रॅम आणि ६४ बिट की ३२ बिट ते दिसतं. ६४ बिट आणि ४ जीबी रॅम असेल तर काम आरामात होणार. २ जीबी असेल तर चालेल पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की रंकाळ्याला रविवारी संध्याकाळी गाडी अडकते तसं अडकेल. ३२ बिटवाला फार जुना डबा असेल तर आता अवघड होत चाललंय, डेबियननंही २०२५ च्या १३ नंबरच्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद केला, अँटीएक्स वगैरे एकदोन पर्याय आहेत पण खरं सांगायचं तर अशा मशीनवर वेळ घालवू नका. मी पण म्हणतो की कधीतरी सोडून द्यावं लागतं, फक्त ती वेळ कंपनीनं नाही, मशीननं ठरवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे हार्डडिस्कची तब्येत. विंडोज चालू असतानाच क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्यात निळा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर ती डिस्क पुढच्या कामाला घेऊ नका, त्यातला डेटा आज काढा, उद्या नको. आणि चालू करताना दरवेळी तारीख मागं जात असेल, २०१४ किंवा २००९ दाखवत असेल आणि त्यामुळे बँकेची वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर व्हायरस नाही, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल गेलाय, सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानात मिळतो. एवढ्यासाठी एका दुकानात आमच्या शेजाऱ्याकडून फॉरमॅटचे पैसे घेतले होते, तारीख परत मागं गेली ती गेलीच.

मग झाकण उघडा. मामांच्या मशीनचं साइड पॅनल काढलं आणि मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. प्रोसेसरच्या फॅनवर धूळ नव्हती, घोंगडी होती. शेडमधली धूळ म्हणजे साधी धूळ नसते, त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, कूलंटची वाफ बसून ते सगळं चिकट होतं आणि हिटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये असं गच्च बसतं की वारा जायला जागाच नाही. त्यात पालीची लेंडकं आणि एक वाळलेलं झुरळ. आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर स्लो झालाय!

उद्यमनगरात प्रत्येकाकडं कॉम्प्रेसर असतो म्हणून मामांचा पोरगा लगेच पाइप घेऊन आला. थांबवला. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमलेलं असतं, आधी खालचा कॉक सोडून ते काढा, प्रेशर कमी करा, पाइप लांब धरा आणि मुख्य म्हणजे फॅन बोटानं धरून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं तो इतका जोरात फिरतो की बेअरिंग जातं. चिकट भाग मऊ ब्रशनं. आणि हे सगळं प्लग काढून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरून मगच. लोखंडाचा चुरा मदरबोर्डवर राहिला तर शॉर्ट होऊ शकतो, त्यामुळे शेडमधल्या मशीनला हे काम जरा जास्त जपून.

हिटसिंक काढला तर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हिटसिंकला पोचवणारी) वाळून चुन्यासारखी झालेली. पुसली, वाटाण्याएवढी नवीन लावली, परत बसवला. तेवढ्यानंच फॅनचा घुर्रर्र आवाज निम्मा झाला. हे सगळं चालू असताना मामा शेजारी उभे राहून बघत होते, शेवटी म्हणाले, "म्हंजे हे पण ग्रीसिंगच की." व्हय, ग्रीसिंगच.

(पुरात भिजलेलं मशीन असेल तर हा वेगळा विषय. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या ओळखीत कित्येकांनी पाणी ओसरल्या दिवशीच 'बघू चालतंय का' म्हणून बटण दाबलं आणि जे वाचलं असतं ते पण घालवलं. चिखल धुवून, पूर्ण वाळवून, जाणकाराला दाखवून मगच. आणि नदीकडच्या पेठेत राहत असाल तर जूनमध्येच डबा माळ्यावर.)

एसएसडी टाका. सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई इकडून तिकडं पळते, एसएसडीमध्ये काही फिरतच नाही. २५६ जीबीची साधी अडीच इंची, साटा केबलवाली एसएसडी पुरे, जुन्या डेस्कटॉपला पण लॅपटॉपला पण बसते. मामांचं मशीन चालू करून चहा सांगायचा, चहा यायचा, पिऊन व्हायचा, तेव्हा कुठं एक्सेल उघडायचं. आता चहा सांगेपर्यंत उघडतं. रॅम वाढवायची असेल तर आधी बघा, डेस्कटॉपची काडी लांब असते लॅपटॉपची आखूड, आणि चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला साधी डीडीआर-थ्री नाही, कमी व्होल्टेजची डीडीआर-थ्री-एल लागते. सेकंडहँड घेतली तरी हरकत नाही, रॅम सहसा मरत नाही.

आता बॅकअप, आणि माझा गाढवपणा. हा भाग उड्या मारत वाचू नका.

मी नवीन एसएसडी बसवली, जुनी ५०० जीबीची डिस्क पण तशीच जोडलेली ठेवली, म्हटलं त्यात मामांचा डेटा आहेच, नंतर कॉपी करू. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसून मिंट घाला' असा पर्याय येतो, त्याच्यापुढं डिस्क निवडायची यादी येते, एसडीए आणि एसडीबी अशी काहीतरी नावं असतात, तर मी बोलता बोलता पहिली निवडली आणि पुढं पुढं पुढं दाबत गेलो. पहिली म्हणजे जुनी होती. २०१६ पासूनची कोटेशनं, पार्ट्यांची खाती, मामींच्या भावाच्या लग्नाचे फोटो. बाहेर लेथ चालू होती, मला कायच ऐकू येईना.

लगेच मशीन बंद केलं, हे एक बरं केलं, कारण पुसलेल्या डिस्कवर जितकं नवीन लिहाल तितकं जुनं जातं. डिस्क घरी आणली, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि फोटोरेक नावाचं ओपन सोर्स टूल रात्रभर चालवलं. नाव फोटोचं असलं तरी एक्सेल, पीडीएफ सगळं हुडकतं. बरंचसं मिळालं, पण फाइलची नावं मिळत नाहीत, एफ आणि पुढं सात-आठ आकडे अशा हजारो फायली. मामांनी आणि त्यांच्या पोरानं आठवडाभर एकेक उघडून ओळखल्या. मामा एका शब्दानं रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

तर, आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी, ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची, आणि इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवायची. जोडलेलीच नसेल तर पुसणार कशी? डेस्कटॉपवरच्या फायली, डाउनलोड फोल्डर आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हे तीन लोक हमखास विसरतात.

कुठलं लिनक्स घ्यायचं? ह्याच्यावर लोक मिसळीवरनं भांडावं तसं भांडतात, फडतरे का चोरगे. मी सरळ सांगतो, पहिल्यांदा करत असाल तर लिनक्स मिंट. ४ जीबी रॅम असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, विंडोज सेव्हनची सवय असलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. २२ नंबरच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. बाकी आर्च वगैरे अवघड लिनक्स सांगणारा मित्र भेटला तर त्याला चहा पाजा आणि पुढं जा.

आयएसओ फाइल (आख्खी सिस्टिम एका फाइलीत) अधिकृत साइटवरनंच उतरवा, साधारण ३ जीबीची असते. आणि चेकसम तपासा, म्हणजे फाइलची ओळखखूण साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळते का बघा. कंटाळा येतो मान्य आहे, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती आणि हॅकरनं डाउनलोडची लिंक बदलून आत मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची वाट असलेली आयएसओ ठेवली होती. लोकांनी विश्वासानं उतरवली. मिंटवाल्यांनी नंतर हे लपवलं नाही, जाहीर सांगितलं. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचर वापरून ती फाइल टाका. पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, त्यातली गाणी आधी काढा.

पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहायचं. डेल, लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या डेस्कटॉप बोर्डाला एफ ८. पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करून बघा.

आता इथं घाई नको. मिंट पेन ड्राइव्हवरनंच आख्खं चालू होतं, डिस्कला हात न लावता. ह्याला लाइव्ह म्हणतात आणि मला लिनक्समधली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते, गाडी घ्यायच्या आधी चालवून बघा म्हटल्यासारखी. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, लॅपटॉप झाकल्यावर झोपतोय आणि उघडल्यावर उठतोय का, प्रिंटर दिसतोय का, हे सगळं इथंच बघा. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं आहे. वायफायची ब्रॉडकॉमची चिप असेल तर सुरुवातीला लागत नाही, मोबाइलचं नेट यूएसबीनं द्या आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तिथं मिळतो.

इन्स्टॉल स्वतः वीस मिनिटांचं काम. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी, व्हिडिओ चालायला लागतात त्या) चौकटीत टिक, डिस्क (केबल काढलीय ना?), टाइम झोन कोलकाता, नाव, पासवर्ड. झालं. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायच्या का? ठेवता येतात, पण माझा अनुभव असा की दोन ठेवल्या की माणूस सवयीनं जुन्याकडंच जातो.

त्यानंतर लगेच चार गोष्टी. अपडेट मॅनेजर चालवा. टाइमशिफ्ट चालू करा, काही बिघडलं तर सिस्टिम कालच्या अवस्थेत परत नेता येते, पण ध्यानात ठेवा त्यात तुमच्या फायलींचा बॅकअप होत नाही. फायरवॉल चालू करा. आणि मराठी.

मराठीवर जरा थांबतो कारण इथंच लोक अडतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये भारताखाली मराठी मिळतं, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) येत असेल तर लगेच चालू होतं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचा एम१७एन संच टाका, त्यात मराठी फोनेटिक आहे. फॉन्टमध्ये लोहित, नोटो आणि मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा 'मुक्त', तिन्ही मोफत आणि सुरेख. पण जुन्या श्रीलिपी, कृतिदेवमधल्या फायली उघडल्या की सगळं अगम्य दिसणार, 'लिनक्सनं फाइल खराब केली' म्हणून बोंब मारू नका. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवलेली असायची, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कन्व्हर्टर वापरून युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी मराठी) करून घ्या. एक लग्नपत्रिका छापणारे काका आहेत ओळखीचे, त्यांच्याकडं वीस वर्षांच्या पत्रिका अशा फॉन्टमध्ये अडकल्यात, म्हणजे मजकूर त्यांचा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. बंदिस्त फॉरमॅट म्हणजे काय हे मला पुस्तकातनं नाही, त्यांच्या दुकानात कळलं.

प्रिंटर एचपीचा असेल तर बहुतेक वेळा लावला की चालतो, त्यांचा एचपीलिप नावाचा ओपन सोर्स ड्रायव्हर आहे, काही मॉडेलना वरनं एक प्लगइन लागतो तेवढा नेटवरनं उतरवून घ्यायचा. काही जुने लेझर प्रिंटर मात्र खरंच रडवतात, म्हणून म्हटलं लाइव्हमध्येच तपासा.

वर्ड-एक्सेलच्या जागी मिंटमध्ये लिबरऑफिस आधीपासून असतं. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सन कंपनीचं ओपनऑफिस होतं, २०१० ला ओरॅकलनं सनच विकत घेतली, काम करणाऱ्या लोकांना लक्षण ठीक दिसेना, तर त्यांनी त्याच वर्षी कोड उचलला आणि लिबरऑफिस म्हणून वेगळा संसार थाटला. कोड खुला होता म्हणून जमलं. भाऊबंदकीत वाटणी झाली पण विहीर दोघांना राहिली. एक्सेलच्या साध्या फायली नीट उघडतात. मॅक्रो (एक्सेलमधल्या आपोआप चालणाऱ्या सूचना) भरपूर असतील तर गडबड होते, ती कबूल.

आता काय होणार नाही ते. लिनक्सवाले हे सांगत नाहीत म्हणून लोक महिन्याभरात परत जातात. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड नाही. जीएसटीसाठी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचे ड्रायव्हर आणि ते सही करायचं सॉफ्टवेअर यात एक दिवस जाईल आणि शेवटी होईलच असं नाही. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरवर काही विंडोज प्रोग्रॅम चालतात, पण धंद्याचं काम वाइनच्या भरवशावर ठेवू नका, दोन्ही अर्थानं. कोरल, फोटोशॉप, ऑटोकॅडच्या जागी इंकस्केप, जिम्प, फ्रीकॅड चांगली आहेत पण ज्याचा हात कोरलवर बसलाय त्याला उद्यापासून इंकस्केप वापर म्हणणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हातानं जेव म्हणणं.

मामांचे अकाउंट बाहेरचे सीए बघतात, त्यामुळे त्यांना फक्त मेल, बिलं, पीडीएफ, व्हॉट्सॲप वेब आणि दुपारी कुस्तीचे व्हिडिओ. तेवढ्याला मिंट पुरून उरतं. तुमचं टॅलीवर पोट असेल तर एक विंडोज मशीन ठेवा आणि बाकीची हलवा, त्यात काही कमीपणा नाही.

मी ओपन सोर्सचा भक्त नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत (बाकीचे प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) मागचं दार सापडलं. ती लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि सांभाळणारा माणूस मुख्यत्वे एकटा, दमलेला, फुकट काम करणारा. कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग डाव टाकला. पकडला कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं, त्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं. तो कामाला कुठं, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याच मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह बाल्मर २००१ ला लिनक्सला कॅन्सर म्हणाला होता आणि त्याच कंपनीनं २०१८ ला साडेसात अब्ज डॉलरला गिटहब, म्हणजे ओपन सोर्सवाले कोड ठेवतात ती साइट, विकत घेतलं. कंपनी ना शत्रू ना मित्र, तिचं दुकान आहे, ती दुकान बघणार. ॲपलनं २०१७ ला कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन ते अपडेटमधनं मुद्दाम हळू करत होते, कारण सांगितलं फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण खरंही असेल, पण आधी सांगायला काय झालं होतं?

आणि फुकट आहे म्हणून फुकट्यासारखं वापरू नका. वर्षाला शे-दोनशे रुपये द्या, नाहीतर मराठी भाषांतर सुधारा, लिबरऑफिसच्या मराठीत अजून कितीतरी काम आहे. आपल्याकडं झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी २०२४ ला सुरू केला, आणि केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं पोरं लिनक्सवरच शिकतायत. आपल्या शाळांच्या लॅबमध्ये मात्र झाकण घातलेले डबे, वर प्लॅस्टिक, त्यावर हार.

जुनी डिस्क भंगारवाल्याला देणार असाल तर तशीच देऊ नका, त्यात आधार, पॅन, पासबुक सगळं असतं. आधी पुसा. पुसणं जमत नसेल तर मामांकडं ड्रिल आहे.

शेवटचं काम मी झाकणाच्या आतल्या बाजूला केलं. उद्यमनगरात मशीनच्या कव्हरवर मार्करनं तेल बदलल्याची तारीख लिहितात, तसं लिहिलं: सेल बदलला, पेस्ट लावली, एसएसडी टाकली, आणि खाली 'मिंट, २०२९ पर्यंत'. मामांनी चष्मा वर करून वाचलं.

"म्हंजे हिलाबी तारीख हाय की."

"आहे. पण तेव्हा पुढची आवृत्ती फुकट घालायची, डबा बदलायचा नाही."

"आणि घालणार कोण?"

"मीच की."

"केबल काढून घाल," मामा म्हणाले आणि लेथकडं गेले.